मासिकातली बाई, मासिकातला पुरुष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मासिकांचे अंक जमवायचे, नीट लावायचे आणि मागेल त्याला दाखवायचे, हा दादरमधल्या आम्हा काही जणांचा हौशी उद्योग आहे. एम.ए.चे विद्यार्थी, शाळेतल्या शिक्षिका, दिवाळी अंकासाठी लेख लिहिणारे, ‘आजीच्या ट्रंकेत हे सापडलं’ म्हणून फोटो पाठवणारी नातवंडं, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथे एका जागी ठेवले आहेत. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा विषय आला तिथे क्रमांक दिला आहे. उत्तरांतली मतं माझी.

१. मासिकं म्हणजे करमणूक. बाईनं कसं असावं, पुरुषानं कसं असावं हे त्यांनी ठरवलं, असं म्हणणं जरा जास्तच होत नाही का?

एकट्या मासिकांनी ठरवलं असं कुणीच म्हणत नाही. घर, जात, शाळा, कीर्तन, नाटक, सिनेमा यांचा वाटा मोठाच. पण मासिकाची चाल वेगळी होती. ते दर महिन्याला घरात यायचं, एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात जायचं आणि महिनाभर हाताशी असायचं. वर्तमानपत्र सकाळी वडीलमंडळींच्या हातात. मासिक मात्र दुपारी, ओटा धुऊन झाल्यावर, जमिनीवर पडून वाचण्याची चीज. तेवढा वेळ बाईला दुसरं कुणी सांगायला-टोकायला नसायचं, आणि नेमकं तेव्हाच मासिक तिच्याशी बोलायचं.

दुसरं असं की आदर्श संपादकीयातून फारसा पसरत नाही. तो जाहिरातीतून पसरतो, सल्ल्याच्या सदरातून पसरतो, कथेतल्या शिकलेल्या नायिकेचं शेवटी काय होतं त्यातून पसरतो आणि मुखपृष्ठावरून पसरतो. एकाच अंकात पुढचा लेख मुलींना कॉलेजात पाठवा म्हणतो आणि मागची जाहिरात रंग उजळला तरच स्थळं येतील असं सुचवते. दोन्ही एकाच बाईनं वाचलेलं असतं. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिली सूचना हीच: लेख फोटोकॉपी करून नेऊ नका, अख्खा अंक वाचा, शेवटच्या पानावरच्या तेलाच्या जाहिरातीसकट.

२. मुंबईत याची सुरुवात कधी झाली?

मराठी पत्रकारितेची सुरुवात मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’नं झाली, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. बायकांसाठी म्हणून काढलेल्या नियतकालिकाचा विचार केला तर मुंबईतलं ठळक नाव गुजराती आहे: १८५७ साली निघालेलं ‘स्त्रीबोध’. काढणारे सुधारक पुरुष. घर नीटनेटकं ठेवणारी, मुलांना वळण लावणारी, नवऱ्याशी चार शहाण्या गोष्टी बोलू शकणारी बायको त्यांना हवी होती. शिक्षण हवं, पण ते घराच्या कामी येणारं. पुढची कित्येक दशकं मराठी मासिकांनीही हाच साचा वापरला.

याच शहरात बायका स्वतःहून लिहू लागल्या तेव्हा मात्र बऱ्याचदा नाव झाकून. रखमाबाईंवर नवऱ्यानं नांदायला येण्यासाठी १८८४ साली मुंबईत दावा लावला. १८८५ साली त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या टोपणनावानं. पुढे त्या डॉक्टर झाल्या.

करमणुकीच्या मराठी मासिकांत मोठं वळण काशिनाथ रघुनाथ मित्र (मूळचे आजगावकर) यांच्या ‘मासिक मनोरंजन’चं. ते १८९५ साली निघालं, आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक आला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून मान त्यालाच दिला जातो. कथा, कविता, चित्रं, फोटो आणि जाहिराती एकाच गठ्ठ्यात, घरातल्या सगळ्यांनी वाचायच्या, ही पद्धत इथून रुळली.

३. ‘स्त्री’ मासिक मुंबईचं का पुण्याचं?

सुरुवातीला दोन्हींपैकी कुठलंच नाही. शं. वा. किर्लोस्करांनी ते १९३० साली किर्लोस्करवाडीहून सुरू केलं, म्हणजे नांगर आणि यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीतून. पुढे बिऱ्हाड पुण्याला हललं. मुंबईत वाचक भरपूर होते, म्हणून मुंबईकर त्याला आपलंच समजतात.

४. ‘स्त्री’ला पुरोगामी म्हणतात. पण आमच्या घरातल्या अंकांत विणकाम आणि पाककृती दिसतात. मग पुरोगामी कसलं?

हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कुणीतरी पाठवतं, आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलं असतं: पाककृती म्हणजे प्रतिगामी. मला हे हिशेब इतके सरळ वाटत नाहीत.

ते मासिक घरात येऊ द्यायचं की नाही हे ठरवणारे सासरे आणि नवरे होते. वर्गणीचे पैसे त्यांच्या खिशातून जात. ज्या अंकात मटार करंजीची कृती आहे तो अंक बिनधोक समजला जाई. त्याच अंकात विधवेच्या पुनर्विवाहावर, हुंड्यावर, नोकरी करणाऱ्या बाईवर कथा-लेख असत, आणि तेही घरात शिरत. पाककृतीचं पान हे दारातून आत जाण्याचं तिकीट होतं, असं निदान काही काळापुरतं तरी म्हणता येतं.

पण तिकीट काढणाऱ्यानं गाडीत जागाही अडवली, हेही खरं. वर्षानुवर्षं तीच पानं छापली की घरकाम ही बाईचीच मिरास, हे वेगळं सांगावं लागत नाही. नोकरी कर, शीक, मत मांड, आणि संध्याकाळी करंजीही तूच कर. ‘घर आणि नोकरी दोन्ही लीलया सांभाळणारी’ हे जे कौतुक आजही आठ मार्चच्या सत्कारात ऐकू येतं, त्याचा बराचसा घाट या पानांत घडला. सुधारणा झाली ती बाईच्या बाजूनं बेरीज करत. पुरुषाच्या बाजूला फारशी बेरीज झाली नाही (प्रश्न ९).

विद्या बाळ १९६४ पासून ‘स्त्री’च्या संपादनात होत्या आणि १९८३ ते १९८६ संपादक. त्या काळातले अंक आधीच्या अंकांशेजारी ठेवून वाचले तर पानांचा तोल सरकताना दिसतो. तिथून त्या कुठे गेल्या ते प्रश्न ११ मध्ये.

५. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ या यादीत कुठे बसतं? ते तर लैंगिक विषयावरचं होतं.

बसत नाही, म्हणूनच महत्त्वाचं आहे. बाकीची मासिकं चांगली पत्नी, चांगली आई कशी असावी ते सांगत होती. कर्व्यांनी विचारलं की बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा अशी वेळ आली तेव्हा त्यांनी १९२५ साली नोकरी सोडली. ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ मध्ये सुरू झालं आणि त्यांच्या मृत्यूनंतरच्या महिन्यापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर १९५३ पर्यंत चाललं. लेखन, संपादन, पत्रव्यवहार, बराचसा भार एकट्याचा. घरी पत्नी मालतीबाईंची साथ. बाईलाही कामसुखाची इच्छा असते आणि तो तिचा हक्क आहे, मूल कधी व्हावं हे तिनं ठरवावं, हे त्या काळात मराठीत दर महिन्याला छापून येत होतं.

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं हे त्यांचं धगधगतं सदर. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. समलिंगी संबंध आणि हस्तमैथुन यांबद्दल लोकांनी विचारलं होतं, कर्व्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं की ते आपोआप अश्लील होत नाही, ही त्यांची भूमिका. खटला हरले, दंड २०० रुपये. प्रश्नोत्तरांचं पान चालवणाऱ्या आमच्यासारख्यांनी कर्व्यांचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.

६. मग त्यांच्याच मुखपृष्ठांवर नग्न बायका का? हे बाईला वस्तू करणं नाही का?

कर्व्यांचं म्हणणं होतं की नग्नतेची लाज ही लादलेली गोष्ट आहे आणि उघडं शरीर पाहायची सवय झाली की त्यातलं चोरटेपण जाईल. युरोपातल्या नग्नतावादी चळवळीकडे ते आस्थेनं पाहत. पण चित्रं निवडताना ती बाईचीच निवडली गेली, पुरुषाची अभावानं. तत्त्व सर्वांच्या शरीराचं आणि चित्र मात्र बाईचं, ही गफलत आहे आणि ती झाकायचं कारण नाही. त्यामुळे त्यांच्या मजकुराचं मोल कमी होत नाही. कायद्याच्या दृष्टीनं अशी चित्रं आज दाखवता येतात का, ते प्रश्न १५ मध्ये.

७. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावर इतकी वर्षं बाईच का?

विक्रीसाठी, हे पहिलं उत्तर. दुसरं, छपाईचं तंत्र रंगीत झालं आणि ते मिरवायला मुखपृष्ठासारखी जागा नव्हती. साडीचे काठ, गजरा, दिव्याचा उजेड यांत रंग खुलतात.

पण त्या बायका एका साच्याच्या नाहीत. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघांचीच चित्रं शेजारी ठेवा. दोघेही गोव्याचे, दोघांनीही नाव मुंबईत कमावलं. मुळगावकर स्प्रेनं रंग चढवत. त्यांची बाई मऊ, तुकतुकीत, निम्मी देवी. ती कुणाकडे पाहत नाही, तिच्याकडे पाहायचं असतं. दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ वार्षिक काढला. त्यांच्या रेषेत वजन आहे. कोळीण, शेतकरीण, शहरातली मुलगी यांच्या उभं राहण्यात फरक दिसतो. तरी बांधा आणि डोळे दोघांकडेही सुंदरच. थकलेली, चष्म्यातली, पन्नाशीची बाई दोघांनाही मुखपृष्ठाला चालली नसती. घरोघरी ही चित्रं कापून फ्रेममध्ये लावली गेली, मग त्या फ्रेमसमोर उभं राहून किती मुलींनी आरशात पाहिलं असेल याची मोजदाद कोण करणार.

८. ‘आवाज’मधली खिडकी चित्रं चावट होती का स्त्रीविरोधी?

ज्यांनी पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी: मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकात एका पानाला चौकोनी भोक पाडलेलं असे. त्यातून मागच्या पानावरचा चित्राचा तुकडा दिसे. उघडी पाठ, दोन गोल आकार, कुणाचा तरी पुढे आलेला हात. मन भलतीकडे जायचं. पान उलटलं की पाठ पैलवानाची निघे, गोल आकार कलिंगडांचे.

म्हणजे फजिती बाईची नाही, वाकून पाहणाऱ्याची. ही कारागिरी मला आजही आवडते. पण पाहणारा पुरुषच असणार हे गृहीत धरलेलं होतं. घरातल्या मुलींनी तो अंक मोठ्यांच्या आधी गुपचूप पाहिला, ही गोष्ट वेगळी.

विनोदी अंकांतली खरी गंमत दुसरीकडे आहे. लाटणं घेतलेली जाडजूड बायको आणि तिच्यासमोर चळचळ कापणारा कारकून नवरा हे चित्र वर्षानुवर्षं छापलं गेलं. बाईची सत्ता हीच मुळी हास्यास्पद गोष्ट, असा त्याचा सूर. मग १९७२च्या सुमारास महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे मुंबईच्या बायका खरोखरच लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, आणि ते लाटणं पाहून मंत्र्यांना हसू आलं नाही.

९. सगळं बाईबद्दलच. पुरुषाचा आदर्श मासिकांनी घडवला नाही का?

घडवला, पण न बोलता. पुरुष हा ‘सामान्य’ धरलेला, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळं मासिक काढावं असं कुणाला वाटलं नाही. सगळीच मासिकं त्याची होती. मुखपृष्ठावर तो आला तर शिवाजी महाराज किंवा टिळक म्हणून. गणपतराव कारकून म्हणून नाही.

त्याची खरी काळजी दिसते जाहिरातींत. १९३०च्या दशकात ‘ओकासा’सारख्या जर्मन गोळ्या हिंदुस्थानी पत्रांत जोरात जाहिरात करत: गेलेली शक्ती, उतरलेला उत्साह, नाराज पत्नी. पुरुषानं कमवावं, थकू नये आणि अंथरुणात कमी पडू नये, आणि पडला तर कुणाला न सांगता टपालानं गोळ्या मागवाव्यात. कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. लोकलच्या डब्यात दाराशेजारी चिकटवलेले कागद वाचले की त्या बंदीचा अंमल लक्षात येतो.

१९७०च्या दशकात मुंबईतून ‘डेबोनेयर’ हे इंग्रजी पुरुषांचं मासिक निघालं. विनोद मेहता १९७४ पासून त्याचे संपादक. मधल्या पानावर उघडी बाई आणि बाकी पानांत कविता, मुलाखती. इथला पुरुष चोखंदळ होता, इंग्रजी वाचणारा होता, पण बघणं हा त्याचा हक्कच.

उलट दिशेनं झालेला मराठी प्रयत्न म्हणजे ‘पुरुष स्पंदनं’. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या पुरुषांची ‘मावा’ ही संघटना मुंबईत १९९३ साली स्थापन झाली, हरीश सदानी तिचे एक संस्थापक. तिनं १९९६ पासून हा वार्षिक अंक काढला. रडणं, बापपण, मारहाण, अपयश यांवर पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेलं. मुलांच्या शाळेत पालकसभेला कुणी विचारलं तर मी प्रथम हेच अंक सुचवते.

१०. ‘फेमिना’, ‘ईव्ज वीकली’ ही इंग्रजी नियतकालिकं. मराठी घरांचा त्यांच्याशी काय संबंध?

वाचण्यापेक्षा पाहण्याचा. दोन्ही मुंबईची. ‘फेमिना’ १९५९ साली टाइम्स समूहानं काढलं. ‘ईव्ज वीकली’ त्याआधीचं. गुलशन युइंग १९६६ ते १९८९ त्याच्या संपादक. गिरगाव-दादरच्या शिंप्यासमोर पान उघडून ‘असा गळा शिवा’ म्हणणाऱ्या बायका मजकूर वाचत होत्याच असं नाही.

दोन्ही नियतकालिकांनी सौंदर्यस्पर्धा घेतल्या. १९६६ साली ‘ईव्ज वीकली’च्या स्पर्धेतून गेलेली रीटा फारिया ‘मिस वर्ल्ड’ झाली. ती मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. नंतर मॉडेलिंग बाजूला ठेवून ती डॉक्टर झाली. १९९४ साली ‘फेमिना मिस इंडिया’तून सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय पुढे गेल्या तेव्हा बाजार खुला झालेला होता, आणि त्यानंतर पार्लरं, जिम, ग्रूमिंगचे क्लास डोंबिवली-विरारपर्यंत पोचले. पहिल्या किताबानंतर वॉर्डातल्या राउंडला परत जाणं शक्य होतं, नंतरच्या काळात किताब हीच कारकीर्द झाली. हा फरक मासिकांनी एकट्यानं केलेला नाही, पण मंच त्यांचा होता. ‘व्होग’ची भारतीय आवृत्ती २००७ साली आली तोवर रस्ता पक्का डांबरी होता.

११. स्त्रीमुक्तीची म्हणून जी मासिकं निघाली त्यांची नावं सांगाल?

पुण्यातून १९७७ साली ‘बायजा’. विद्या बाळ यांचं ‘मिळून साऱ्याजणी’, ऑगस्ट १९८९, तेही पुण्याचं. मुंबईतून स्त्री मुक्ती संघटनेचं ‘प्रेरक ललकारी’, संघटना १९७५ची. दिल्लीचं ‘मानुषी’ मुंबईत आवर्जून वाचलं जाई. या मासिकांत सुबक बाई नाही, बाजू घेणारी बाई आहे. वर्गणीदार कमी, जाहिराती त्याहून कमी. गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात नाकारायची म्हटलं की कागदाचं बिल कोण भरणार, हा प्रश्न यांना कायम भेडसावला. आदर्श बदलायला पैसे लागतात, जुने चालू ठेवायला जाहिरातदार तयारच असतो.

१२. लिटल मॅगझिनवाले बंडखोर होते. तिथे तरी बाईला जागा होती ना?

फारशी नाही. १९५०च्या दशकातल्या ‘शब्द’पासून पुढे मुंबईत जी सायक्लोस्टाइल अनियतकालिकं निघाली त्यांनी ‘सत्यकथा’ या प्रस्थापित वाङ्मयीन मासिकाची मिरास नाकारली, १९६९ साली त्याचा अंक जाळलाही. भाषा मोडली, जात आणि शहर कवितेत आणलं. पण नावांची यादी वाचा: जवळपास सगळे पुरुष. कवितांतली बाई बऱ्याचदा देह म्हणूनच येते. इराण्याच्या हॉटेलात रात्रीपर्यंत वाद घालत बसणं त्या काळात कुठल्या मुलीला परवडलं असतं, हेही विचारात घ्या.

१३. मासिकातली आदर्श बाई नेमकी कुणाची? आमच्या आजीसारखी ती कधीच दिसली नाही.

आजी गिरणगावातली असेल तर दिसणारच नाही. मुख्य प्रवाहातल्या मासिकांची बाई साधारणपणे ब्राह्मण किंवा तिच्या शेजारच्या जातींतली, मध्यमवर्गीय, नीटस अंगणातली. गिरण्यांच्या वाइंडिंग, रीलिंग खात्यांत राबणाऱ्या बायका तिथे कथेत आल्याच तर दयेचा विषय म्हणून. मासिकात ‘सुगरण’ छापून येत होती तेव्हा लालबाग-परळच्या खानावळवाल्या दोन वेळा वीस-वीस कामगारांना जेवू घालून संसार चालवत होत्या. त्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पाककृतीच्या पानावर त्यांचं नाव शोधू नका.

दुसरी परंपरा होती, ती वेगळ्या पत्रांत शोधावी लागते. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात छापला गेला. मराठी सभ्य मासिकांच्या कितीतरी आधी. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या बायकांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जात ओळखू येईल असे दागिने टाका, असं सांगितलं. तोही आदर्शच होता. उच्चवर्णीय मासिकांत काठापदर हा शोभेचा भाग होता, महाडला तो माणूस म्हणून उभं राहण्याचा.

१४. बाई आणि पुरुष या दोन खणांत न बसणाऱ्यांचं काय?

मराठी मासिकांत बराच काळ कर्व्यांनंतर (प्रश्न ५) शांतताच. अशोक राव कवी यांनी १९८६ साली मुंबईच्या ‘सॅव्ही’ या बायकांच्या इंग्रजी मासिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी असल्याचं जाहीर सांगितलं. जागा दिली ती बायकांच्या मासिकानं, हे मला बोलकं वाटतं. १९९० साली त्यांनी मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं. मध्ये ते बंद पडलं, २००९ साली पुन्हा निघालं.

१५. जुन्या अंकांचं प्रदर्शन भरवायचंय. त्यात उघडी चित्रं आहेत. कायद्याचा त्रास होईल का?

वकिलाला विचाराच, पण चित्र साधारण असं आहे. अश्लीलतेचं जे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत २९२ होतं ते जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९४ आहे. शिवाय स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा १९८६चा कायदा आहे. दोन्हींत विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला सूट आहे. अभ्यासाचं प्रदर्शन, शेजारी माहितीफलक, संदर्भ स्पष्ट, अशी मांडणी या सुटीत बसण्याची शक्यता चांगली. तोच फोटो मोठा करून टी-शर्टवर छापला तर नाही.

न्यायालयांची नजरही बदलत गेली आहे, आणि त्यात एक मराठी दिवाळी अंक आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबरीवरून खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ साली न्यायालयानं ती अश्लील नाही असं ठरवलं. काळाबरोबर समाजाची मोजपट्टी बदलते, हे निकालात मान्य केलं. २०१४ साली अवीक सरकार खटल्यात जुनी इंग्रजी कसोटी सोडून समकालीन समाजाच्या मापानं, अख्ख्या संदर्भात पाहायचं ठरलं.

१६. आजच्या मासिकात किंवा पुरवणीत खटकणारी जाहिरात दिसली तर तक्रार कुठे?

‘एएससीआय’ म्हणजे जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था, १९८५ची, मुंबईतलीच. तक्रार ऑनलाइन करता येते. गोरेपणाच्या उत्पादनांसाठी २०१४ साली आणि घातक लिंगभावी साच्यांबद्दल २०२२ साली तिनं नियम केले. काळ्या रंगाच्या व्यक्तीला दुःखी, अयशस्वी दाखवायचं नाही, हा त्यांतला एक. १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’नं २०२० साली नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केलं. ट्यूब तीच, कपाट तेच. मुंबईत बनणारं पाटणवालांचं ‘अफगाण स्नो’, किंवा १९४१ साली लीला चिटणीसांना घेऊन आलेली ‘लक्स’ची जाहिरात, यांच्यापासून ही रांग चालत आली आहे. तक्रारीत अंकाचं नाव, तारीख, पानाचा फोटो आणि नेमकं काय खटकलं ते एका वाक्यात लिहा. ‘संस्कृतीचा अपमान’ एवढंच लिहिलं तर काही होत नाही.

१७. जुनी मुखपृष्ठं स्कॅन करून इन्स्टाग्रामवर टाकली तर चालेल?

लेखक किंवा चित्रकार गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. कर्वे १९५३ साली गेले, त्यांचं लेखन २०१४ पासून मोकळं आहे. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०३१ संपेपर्यंत नाहीत. मुळगावकर १९७६, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. अंक जुना आहे म्हणून चित्र मोकळं, हा समज चुकीचा. फोटोंचा हिशेब २०१२च्या कायदादुरुस्तीपर्यंत वेगळा होता, प्रकाशनापासून ६० वर्षं; त्यानंतर तोही छायाचित्रकाराच्या मृत्यूपासूनच मोजतात. अभ्यास, समीक्षा यांसाठी मर्यादित वापराला मुभा आहे. विकायचं असेल तर वारसांची परवानगी घ्या.

१८. अंक बघायला कुठे मिळतील? आणि घरी गठ्ठे आहेत, ते रद्दीत द्यावे का?

बघायला: दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८), फोर्टची एशियाटिक सोसायटी. जाण्याआधी फोन करा, हवा तो अंक बांधणीतून काढायला वेळ लागतो. विकत घ्यायचे तर माटुंग्याला किंग्ज सर्कलचे आणि फ्लोरा फाउंटनचे पदपथ. त्याहून जास्त माल आपल्या गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे असतो, त्याला सांगून ठेवा.

घरातले गठ्ठे देण्याआधी एकदा उलटून पाहा. मुखपृष्ठ कापून बाकीचा अंक टाकू नका. जाहिरातींची पानं फाडू नका, अभ्यासाला तीच जास्त लागतात. समासात कुणी काही लिहिलं असेल तर ते खोडू नका. पाककृतीशेजारी ‘साखर निम्मी’ किंवा कथेशेजारी ‘खोटं’ असं पेन्सिलनं लिहिलेलं सापडतं, आणि वाचणारीनं त्या छापील आदर्शाचं काय केलं हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं. सेलोटेप लावू नका. टाचणी गंजली असेल तर जपून काढा, अंक उभे न ठेवता आडवे ठेवा, पावसाळ्यात भिंतीपासून लांब. आणि द्यायचेच असतील तर एखाद्या ग्रंथालयाला विचारून वर्षवार यादी करून द्या, नुसती पोती नेऊन टाकली तर तेही ती रद्दीतच घालतील.